दुसरी अक्षत

नानाजी गुरुजींचे बूट माळ्यावरून खाली आले ते एकटे आले नाहीत. डाव्या बुटात एका उंदरानं संसार मांडून मोडला होता. त्या संसारात अंथरायला जी लोकर होती ती नीट पाहिली, तर ती गुरुजींना निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या शालीची निघाली. छत्तीस वर्षांच्या नोकरीचा कोणाला तरी उपयोग झाला, असं म्हणून त्यांनी बूट झटकला.

"बूट पाहून राह्यले का त्याचं दर्सन घेऊन राह्यले?" त्यांची बायको कौसाबाई चुलीपासून म्हणाली. "उन्ह चढली का मंग मनाल, आज राहू दे."

"मी मनन राहू दे? मी?" गुरुजी म्हणाले. "ह्या पहाडीवर शाळेची तीनशे पोरं नेली हायेत मी."

"नेली होती. त्याले सहा वर्सं झाली."

गुरुजींनी बुटाच्या नाडीत तोंड खुपसलं. आडनाव डोंगरवार, आणि डोंगर चढून सहा वर्षं झालेली. येंगलटोल्यात विचाराल तर कोणीही सांगेल की सहा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला पाटाईच्या पहाडीवरून उतरताना गुरुजींचा गुडघा मुरगळला आणि तेव्हापासून त्यांचं चढणं सुटलं. पण बहीण ओवाळायला येणार हे ठाऊक असताना गुरुजी त्या दिवशी पहाटेच पहाडीवर का पळाले, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं. घरच्यांनी गुडघ्यावर समाधान मानलं होतं.

त्याच वर्षी वाटण्या झाल्या होत्या. बहीण गुणाबाईनं कुरखेड्याच्या कचेरीत हक्कसोडीच्या कागदावर सही केली आणि धानाच्या एका बांधीवरही बोट ठेवलं नाही. तिनं मागितलं ते एकच, बापाच्या गिरणीचं जुनं डिझेल इंजिन. त्यावर गुरुजी चारचौघांत म्हणाले होते, "भंगारच हाय ते. ने उचलून. बापाची आठोन म्हनून तुले तेच शोभते." लोक हसले. गुरुजींना वाटलं, विनोद जमला. वर्गातली पोरंही त्यांच्या विनोदांना हसायची. न हसून सांगतात कोणाला. गुणाबाई तेवढी हसली नाही. इंजिन ट्रॅक्टरवर चढवून ती पहाडीपल्याड पिपरखारीला, आपल्या सासरी गेली. तरीही भाऊबीजेला ताट घेऊन आली होती, आणि दिवेलागणीपर्यंत वाट पाहून परत गेली होती. त्यानंतर ती आली नाही, आणि हे गेले नाहीत.

आता गुरुजींच्या लेकीचं, रिनाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर ठरलं होतं. डोंगरवारांच्या घरात पत्रिका छापायच्या आधी अक्षत निघते. हळदीत घोळलेल्या तांदळाची पहिली मूठ पहाडीवरच्या पाटाईला आणि दुसरी मूठ घरातून दिलेल्या लेकीला. दोन्ही मुठी घरच्या कर्त्यानं स्वतः पायी जाऊन, एकाच दिवशी, दिवस बुडायच्या आत द्यायच्या. त्या दोन पोचल्याशिवाय तिसरी कोणाच्याही उंबऱ्यावर जात नाही, मग तो आमदार का असेना.

कौसाबाईनं पांढऱ्या दस्तीच्या, म्हणजे रुमालाच्या, दोन टोकांत दोन मुठी बांधल्या. "ही गाठ पाटाईची, ही गुणाबाईची. हारवू नोका."

"पाहू," गुरुजी म्हणाले.

रिना उंबऱ्यात बसून बुटांची नाडी बांधत होती. ती गडचिरोलीत नर्स होती, आणि पेशंटला सुई टोचताना लागतो तेवढाच हळू आवाज तिनं लावला. "पाहू नाई, बाबा. द्याचीच हाय. तुमच्याच हातानं. आत्या मांडवात नसन तं माह्या अंगाले हळद लागनार नाई. मी नवरदेवाकडं फोन करून सांगून देईन."

"वारलू देईल न."

"मी देतो न भाऊ," दारातून वारलू म्हणाला. वारलू गुरुजींचा धाकटा भाऊ. घरची शेती तोच पाहायचा आणि भांडण त्याचं कोणाशीच नव्हतं. शेवटी जो बोलेल त्याची बाजू घ्यायची, एवढ्या एका नियमावर त्यानं पन्नास वर्षं सुखात काढली होती. "मले काय, सायकलनं जातो."

कौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"नाई तं नाई," वारलू म्हणाला. "भाऊनंच द्या लागन."

गुरुजी अंगणात आले. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं आणि दसऱ्यानंतरचं ऊन सकाळी आठलाच मानेवर बसलं होतं. त्यांनी हात कपाळाशी धरून चारी दिशा पाहिल्या. चारी दिशा शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. "पानी येत नाई आज," त्यांनी निकाल दिला. "छत्र्या ठेवा घरी. चढाले हात मोकळे पायजेत."

सून पुनम चंद्रपूरची. तिनं आपली छत्री मुकाट्यानं पिशवीत ढकलली.

*

पहिला अर्धा तास गुरुजी पुढे होते आणि झाडं दाखवत बोलत होते. येन कोणता, बीजा कोणता, मोह कोणता. मग ते नुसते पुढे होते. मग वारलू पुढे होता.

सहा वर्षांत पहाडी वाढली असावी असं त्यांना वाटू लागलं. दुसरं काही कारण दिसेना. पूर्वी ते या चढावर शिट्टी वाजवत, मागे वळून पोरांना दटावत, उलटे चालायचे. आता तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला उभं राहायचं, असा हिशेब बसला होता. उभं राहिलं की काहीतरी बघतोय असं दाखवावं लागे. त्यांनी त्या सकाळी इतक्या झाडांच्या साली निरखून पाहिल्या, की वनखात्यात असते तर बढती मिळाली असती.

"मामाजी, थोडं बसा न," पुनम म्हणाली.

"मी थकलो नाई. मी पाहून राह्यलो."

"काय पाहून राह्यले?"

"हे... वारूळ."

रिना त्यांच्या मनगटाला दोन बोटं लावून, मोबाइलच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. "वारूळ एकशे अठ्ठावीस हाय," ती म्हणाली. "बसा."

ते बसले. इथं त्यांनी पूर्वी पोरांसाठी दगडांवर चुन्यानं बाण काढले होते. सहा पावसाळ्यांत ते सगळे धुऊन गेले, एकच राहिला होता. पण तो दगडच कधीतरी कलंडला असावा, कारण बाण सरळ आभाळाकडे बोट दाखवत होता. वारलूनं बाणाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि बिडी पेटवली.

तेवढ्यात पश्चिमेकडून गार वारा आला. निळं आभाळ होतं तिथं करडा ढग आला, आणि गुरुजी "वारा पलटला म्हंजे ढग जाईन निघून" असं म्हणत असतानाच पावसाची सर अंगावर आली. चौघं एका छत्रीखाली शिरले. ते सगळे भिजल्यावर ऊन पडलं.

"पाहा, गेला का नाई?" गुरुजी म्हणाले. "आता संध्याकाळलोक काई नाई."

शिखराखालच्या घसाऱ्यावर उजव्या बुटाचा तळ सुटला. पुढून अगदी तोंड उघडावं तसा उघडला, आणि प्रत्येक पावलाला चपचप बोलू लागला. वारलूनं पळसाचं मूळ उकरलं, दगडानं ठेचून त्याचा वाख काढला, आणि भावाचा पाय मांडीवर घेऊन बूट बांधला.

"घट्ट झाला का गा भाऊ?"

"झाला." गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. पोरी पुढे गेल्या होत्या. "वारल्या, दुसरी अक्षत तूच देऊन येजो बापा. मी बुटाचं सांगतो. गुडघ्याचं सांगतो."

"देतो न," वारलू म्हणाला. मग बराच वेळ गाठ नसलेल्या ठिकाणी गाठ शोधत राहिला. "पन बहीन माह्या हातून घेईन का, मले नाई वाटत. सहा वर्सात मी तिच्या घरी धा खेपा गेलो. दर खेपी च्या पाजते. तुह्यं नाव काढत नाई. पन मी निंगलो का मनते, गुडघा कसा हाय?"

"कोनाचा?"

"माह्याले काय झालं?"

गुरुजी उठले. त्या घसाऱ्यावर त्यांना दम लागला तो फक्त चढाचा नव्हता. आपल्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, हे त्यांना सहा वर्षं ठाऊक होतं. मुरगळला होता तो आठ दिवसांत बरा झाला होता. बाकीचं लंगडणं त्यांनी स्वतः शिकून घेतलं होतं, आणि कधी कधी कोणता पाय ते आठवावं लागे.

*

पाटाई म्हणजे मोठ्या येनाच्या बुडाशी शेंदूर लावलेले दोन दगड. तिथून एका अंगाला येंगलटोल्याचा तलाव दिसतो आणि दुसऱ्या अंगाला पिपरखारीची कौलं. पण आज दोन्हीकडे ढग भरत होता.

रिनानं फुलं वाहिली, पुनमनं नारळ फोडला. गुरुजींनी दस्ती सोडली. पहिली गाठ सोडून मूठभर पिवळे तांदूळ दगडांपुढे ठेवले, हात जोडले. मग दस्तीचं दुसरं टोक बोटांत धरून ते उभे राहिले.

पोरगी म्हणते तसं पिपरखारीला गेलो तर काय होईल, हा विचार त्यांनी केला. गुणाबाई दारात येईल. ती काय बोलेल हे माहीत नाही, पण आपल्याला काय बोलावं लागेल हे नक्की माहीत होतं. तो एक शब्द त्यांनी छत्तीस वर्षांत हजारो पोरांकडून म्हणवून घेतला होता, हात पुढे करायला लावून. स्वतः एकदाही म्हटला नव्हता. तोंडाला त्याची सवयच नव्हती.

त्यांनी दुसरी गाठही सोडली आणि ते तांदूळही पाटाईपुढे ओतले.

"सांडली," ते म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, "हात ओला होता. देवापुढं सांडली का ते देवाचीच. आता उचलता येत नाई."

पुनमनं मान खाली घातली. वारलू, जो नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूला असे, तो यावेळी कोणाच्याच बाजूला बोलला नाही. रिना बापाकडे पाहत राहिली. तिला राग आला असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं; रागाला त्यांच्याकडे उत्तरं होती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओढणीनं ते पुसलं.

"चला," ती म्हणाली. "उतरू." आणि ती पुढे निघाली.

*

महिनाभरापासून रानटी हत्तींचा कळप त्या बाजूला होता. दिवस असतानाच खाली या, असं वनरक्षकानं बजावलं होतं. आणि आता चारच वाजलेले असताना दिवस असल्यासारखा दिसत नव्हता. एक वीज जवळच कुठेतरी कडाडली. ढग झाडांत शिरला. दहा पावलांपुढची पुनम दिसेना, आणि पायवाट तर आधीपासूनच नव्हती. गुरुजींशिवाय तिला वापरणारं कोणी नव्हतं, आणि सहा वर्षांत गुरुजी आले नव्हते.

"भाऊ, कुठी जाऊन राह्यलो आपन?" मागून वारलू.

"घरी जाऊन राह्यलो. दिशा मले नोको शिकवू."

ते डावीकडे गेले, एका नाल्यात उतरले, परत चढले, आणि थोड्या वेळानं पळसाच्या मुळाचा जो खड्डा त्यांच्यापुढे आला तो वारलूनं दुपारी उकरलेला होता. गुरुजी त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर नकाशावर छडी आपटली आणि स्वतःच्या गावची पहाडी हरवून बसलो. सोबत दोन पोरी. एकीचं लग्न महिन्यावर. त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती झाकायला त्यांना या वेळी वारूळही सापडेना.

"रिना," ते म्हणाले, "मले वाट समजून नाई राह्यली."

रिना येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

तेव्हा तो आवाज आला. खालून, खूप खालून, ढगातून चाळून आल्यासारखा. धक्, धक्, धक्, मग एक ठोका गायब, आणि पुन्हा धक्, धक्, धक्.

गुरुजींचा हात आपोआप कानामागे गेला. हा आवाज त्यांनी आईच्या आवाजाइतका ऐकला होता. त्यांच्या लहानपणी गावची पोरं मोह वेचायला, सरपणाला पहाडीवर गेली आणि ढग बसला, की बाप, झिंगूजी, धान असो नसो गिरणीचं इंजिन सुरू करून ठेवायचा. 'इंजन आयकत या,' एवढंच त्यानं पोरांना शिकवलं होतं. गुरुजींनी पुढे शाळेत जे शिकवलं त्यापेक्षा ते जास्त कामाचं होतं. चौथा ठोका ते इंजिन पहिल्या दिवसापासून गिळायचं. बाप म्हणायचा, तीन पावलं चालते, चौथ्याले दम खाते.

"आलं घर!" गुरुजी ओरडले. "चला माह्या मागं! आवाज सोडू नोका!"

पुनमनं मोबाइल काढला, त्याला आत्ताच रेंज आली होती; तिनं नकाशावरच्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. वारलूनं तिच्याकडे पाहून नुसती मान हलवली. तिनं मोबाइल पिशवीत ठेवला.

"भाऊ, बराबर हाय न हा आवाज?" वारलूनं विचारलं.

"बराबर म्हंजे? कान हायेत का नाई तुले?"

"हायेत न," वारलू म्हणाला आणि मागे चालू लागला.

गुरुजी उतरत सुटले. बांबूच्या बेटांतून, चिखलातून, एकदा तर चक्क बसूनच. गुडघ्याची आठवण त्यांना झाली नाही. बुटाचा वाख तुटला, तळ कुठेतरी राहिला, तरी ते थांबले नाहीत. आवाज मोठा होत गेला आणि त्यांना आपण दहा वर्षांचे आहोत, डोक्यावर मोहाची टोपली आहे आणि खाली बाप इंजिनापाशी उभा आहे असं अगदी खरं वाटू लागलं. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच ते इतके धावत होते. रान संपलं, बांध लागले, कापणीला आलेला हलका धान लागला, मग एक गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडे गिरणीचं पत्र्याचं छप्पर.

छपराखाली दिवाळीचे पोहे आणि तांदूळ करून घ्यायला आलेल्या पंधरा-वीस बायामाणसांची रांग होती. रांगेतलं एकही तोंड येंगलटोल्याचं नव्हतं. आणि इंजिनापाशी, डोक्याला फडकं बांधून, अंगभर कोंडा घेऊन गुणाबाई उभी होती.

गुरुजींना तेव्हा आठवलं की ते इंजिन येंगलटोल्यात नाही. आपणच म्हटलं होतं, ने उचलून.

*

त्यांनी मागे वळून पाहिलं. वारलू बिडी शोधण्यात फारच गुंतला होता.

"तुले मालूम होतं," गुरुजी म्हणाले.

"मले कान हायेत न भाऊ," वारलू म्हणाला.

पुनम छत्री झटकत होती. छत्री तर कधीच वाळली होती. रिनाच्या तोंडावर दुपारनंतर पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पहाडीवर चार माणसं होती, त्यातले तीन पिपरखारीला चालले होते आणि चौथा त्यांना वाट दाखवत होता.

आता परत फिरावं तर हत्ती, ढग आणि एकच बूट. गुरुजी छपराखाली आले. रांगेतल्या लोकांनी त्या चिखलाच्या माणसाला जागा करून दिली. छपराच्या आढ्याला एक दिवा जळत होता. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या बाईला विचारलं, "लाइट तं हाय. मंग डिझेल काऊन जाळून राह्यली?"

"गेल्ती वीज कडाडली तवा. आली मंग अर्ध्या घंट्यानं," ती बाई म्हणाली. "पन पहाडीवर ढग बसला का गुणाबाई इंजन बंद नाई करत. कोनी वर असन तं, मनते."

गुरुजी इंजिनाकडे वळले. गुणाबाईनं त्यांना पाहिलं होतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं. ती टोपलीतलं धान हळूहळू ओतत राहिली. केस पांढरे झाले होते. बापासारखीच उजव्या खांद्यात वाकली होती.

"गुणा," ते म्हणाले.

इंजिन धडधडत होतं. तिनं वळून कानाला हात लावला. "आँ?"

"रिनाचं लग्न हाय! अक्षत द्याले आलो!"

"आयकू नाई येत!"

सगळी रांग ऐकत होती. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. गुरुजींनी घसा साफ केला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज त्यांनी काढला. "मी चुकलो मनून राह्यलो!"

गुणाबाईनं दांडा ओढला. इंजिन एकदम बंद पडलं. तेवढ्यात गुरुजींनी, ऐकू गेलं नसेल म्हणून, आणखी जोरात म्हटलं होतं, "चुकलो!" आणि तो शब्द पत्र्याखाली एकटाच घुमत राहिला. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

कोणी हसलं नाही. सहा वर्षांपूर्वी सगळे हसले होते, आणि आज हसले असते तर चाललं असतं असं गुरुजींना वाटलं.

"बस्स," गुणाबाई म्हणाली. "इतलं मोठ्यानं काऊन बोल्तस? मले पहिल्याच खेपेले आयकू आलं होतं." मग तिनं हात पुढे केला. "दे."

गुरुजींनी खिशातून दस्ती काढली. ओली, मोकळी, दोन्ही टोकं सुटलेली. त्यात एक दाणाही नव्हता.

बासष्ट वर्षांचा माणूस आपल्या धाकट्या बहिणीपुढे रिकामी दस्ती धरून उभा होता. सांडली, हात ओला होता, देवापुढं पडली, अशी तीन-चार उत्तरं त्यांच्या जिभेवर येऊन गेली. पण रिना शेजारी उभी होती.

"तुह्यी अक्षत मी देवापुढं ओतून आलो," ते म्हणाले. "जानून. इथी याची हिंमत नोती माह्यी. आवाज आयकला, घर समजून उतरलो, आन् इथी निंगलो. मी नाई आलो गुणा, चुकून आलो." त्यांचा आवाज फुटला, आणि त्यांनी तो खोकल्यात लपवायचाही प्रयत्न केला नाही. "गुडघ्याले बी काई नाई झालं."

गुणाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग ती वळली. गिरणीच्या तोंडाशी शेवटचे तांदूळ पडले होते, अजून ऊन ऊन. ते तिनं ओंजळीत घेतले. "सुने, हळद आन व," तिनं घराकडे हाक दिली. हळद आली. तिनं ती तांदळावर टाकली, पागोळीचं दोन थेंब पाणी धरलं, तळहातानं चोळली. कोंड्यानं भरलेले तिचे हात पिवळे झाले. मग तिनं भावाचा उजवा हात ओढून घेतला, त्याची चिखलानं भरलेली बोटं आपल्या पदरानं पुसली, आणि ती अक्षत त्याच्या मुठीत भरली.

"हे घे," ती म्हणाली. "आता दे मले."

तिनं पदर पसरला. गुरुजींनी मूठ उघडली. तांदूळ हाताला चिकटले होते म्हणून त्यांना ते बोटानं एकेक सोडवावे लागले, आणि त्यांनी शेवटचा दाणाही सोडवून तिच्या पदरात टाकला. रिना आत्याच्या गळ्यात पडली, तेव्हा वारलूनं नाक शिंकरायला गोठ्याची बाजू धरली.

दिवस बुडायला थोडा वेळ होता. गुणाबाईनं पदराला गाठ मारली, डोळे पुसले आणि पहाडीकडे पाहिलं. ढग अजून बसलेलाच होता. तिनं इंजिनाला हँडल लावलं, पण फिरवायच्या आधी थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "औंदा भाऊबीजेले घरी राह्यजो."